आत्यानं पाहिलेलं पावर हाउस

मी माझ्या आत्याला पावर हाउस दाखवलं नाही, आणि दाखवलं असं तिला पटवून दिलं. चूक एवढीच. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. सतराव्या वर्षीच्या चुका लोक पुढे हसत हसत सांगतात. मला ही तीस वर्षं सांगता आली नाही, कारण केली मी आणि भोगली आत्यानं.

परवा भिलाईच्या कॅम्प-1 या कामगारवस्तीत काम निघालं. आम्ही आता दुर्गला, पद्मनाभपुरात राहतो. कॅम्पातलं दोन खोल्यांचं घर बाबा रिटायर झाल्यावर सुटलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. गल्लीत गाडी जाईना म्हणून मी ती पलीकडच्या टोकाला, पिंपळाच्या पाराजवळ लावली. पाराला आता पिवळ्या टाइल्स बसवल्या आहेत, भोवती स्टीलचा कठडा आहे. समोर जिथं फुटाण्यांची भट्टी होती तिथं मोबाइलचं दुकान आहे. हँडपंपाचा नुसता सिमेंटचा ओटा उरला आहे आणि त्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली आहे. काम आटोपून मी पारावर बसलो. हिवाळ्यातलं चारचं ऊन होतं. रुळांच्या बाजूनं मालगाडीची शिट्टी आली आणि मी नकळत डबे मोजायला लागलो. वर्षापूर्वीपर्यंत मी त्या पारावर बसूच शकत नव्हतो. त्या बाजूला काम निघालं तरी लांबून वळसा घालून जायचो.

आमच्या लहानपणी घरात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक बजार करणं आणि दुसरी पावर हाउस, म्हणजे स्टेशनजवळचा मोठा बाजार, पाहून येणं. बजार आई करायची, पिशवी घेऊन, घाईनं. पाहून यायला मात्र तिघंही जायचो आणि पिशवी घरी ठेवून जायचो. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला होते. त्यांची साप्ताहिक सुट्टी आठवड्याभर फिरायची, त्यामुळे आमचा रविवार कधी मंगळवारी यायचा तर कधी शुक्रवारी. त्या दिवशी दुपारी झोप झाली की बाबा टेरिलीनचा शर्ट घालत, मानेला पावडर लावत आणि दारात उभे राहून म्हणत, "चला, पाहून येऊ." काय पाहून येऊ, हे विचारायची गरज नसायची.

चालतच जायचो. कॅम्पातले छपरांच्या घरांचे रस्ते संपले की आधी वास यायचा. सुक्या मिरच्यांचा, तागाच्या पोत्यांचा, मग डिझेलचा आणि त्यात कुठूनतरी जिलबीच्या तुपाचा. त्या वासांच्या क्रमावरून मी डोळे मिटून सांगू शकायचो की आता आपण कुठवर आलो. पुढं कापडाची दुकानं. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, आणि गादीवर बसलेले सिंधी सेठ, जे आम्हाला दर वेळी "आओ पाटील साहब" म्हणून बोलवायचे. आम्ही पाटील नव्हतो. बाबांना तो शब्द आवडायचा, म्हणून ते त्या दुकानासमोर जरा सावकाश चालत. रस्त्यावर तेलुगू ऐकू यायचं, पंजाबी, बंगाली, ओडिया, भोजपुरी. सगळा देश कामाला आला होता आणि संध्याकाळी भाजी घ्यायला इथंच यायचा. आम्ही आपसात आपली गावाकडची मराठी बोलायचो आणि कुणी वळून पाहायचं नाही. मला त्याची फार मौज वाटायची. गुपित बोलल्यासारखी.

लोखंडाच्या दुकानांशी बाबा थांबायचेच. बाहेर सळ्या, अँगल, चॅनल उभे करून ठेवलेले असत. बाबा एखाद्या सळीवर बोटाच्या पेरानं ठकठक करून बघत, कडेला नखानं खरवडत आणि माझ्याकडं वळून हळूच सांगत, "हे आपलं हाय." दुकानदाराला ते गिऱ्हाईक वाटायचे. तो उठून जवळ यायचा, तेवढ्यात आम्ही पुढं गेलेलो असायचो. आई म्हणायची, "एखांद्या दिवशी मारन तो तुमाले." बाबा म्हणायचे, "माह्या हातचा माल हाय, पाहू बी नोको काय?"

शेवटी स्टेशनचा पूल. माणसांनी चढून पलीकडे जायचा तो पूल आमच्यासाठी जाण्यायेण्याचा नव्हताच. आम्ही मधोमध उभे राहायचो. खालून मालगाडी जायची, पायाखालची फळी थरथरायची, धुळीचा आणि गरम ब्रेकचा वास वर यायचा. बाबा मला डबे मोजायला लावत. अठ्ठेचाळीस म्हटलं की ते म्हणत, "एकावन." आम्ही भांडायचो. आई कठड्याला पाठ टेकून, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडू देत, दूर प्लांटच्या धुरांड्यांकडं बघत राहायची. घरी आल्यावर शेजारची तेलुगू बाई विचारायची, "क्या लाया?" आई सांगायची, "कुछ नहीं, देख के आये."

हे सगळं बाबा गावी गेले की आत्याला सांगत. पारबता आत्या बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानं त्यांना वाढवलं होतं. लाखांदूरकडच्या आमच्या गावात तिचं सासरही दोन घरं सोडूनच. बाबा भिलाईला कामाला लागायला निघाले तेव्हा तांदळाचं गाठोडं तिनंच बांधून दिलं होतं म्हणे, आणि बाबांनी तिला शब्द दिला होता, "बाई, एकडाव तुले शहर दाखवीन." आत्यानं तो शब्द कधी काढून दाखवला नाही. पण बाबा पावर हाउसच्या गोष्टी सांगायला लागले की ती हातातलं काम बाजूला ठेवायची. सूप असलं तर सूप. मी लहान असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून या गोष्टी ऐकल्या आहेत. स्वतः पाहिलेल्या जागेबद्दल दुसऱ्याला सांगताना ऐकलं की ती जागा जास्त मोठी वाटते.

मी अकरावीत असताना आत्या आली, पण शहर पाहायला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आमच्याकडं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली, आणि डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि माणसाचा आकार कळायचा. आठ दिवस ती आमच्या बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून होती. कोण आलं कोण गेलं हे चपलांच्या आवाजावरून ओळखायची. मग सकाळी दुर्गहून तिची परतीची गाडी होती, आणि नेमकी आदल्या दुपारी बाबांची सेकंड शिफ्ट आली.

सायकलला डबा अडकवत ते मला म्हणाले, "बाबू, आज बाईले पावर हाउस दाखवून आन. आरामानं नेजो. धूर नोको लागू देऊ डोऱ्याले."

"तिले दिसन काय?" मी म्हणालो.

"तू सांगजो ना मंग. तुले तोंड हाय ना?"

त्या दिवशी चार वाजता आमच्या चौकात कॅरमची फायनल होती. माझा जोडीदार गल्लीतून तीनदा घंटी वाजवत गेला होता. आत्याला पावर हाउसला न्यायचं, फिरवायचं, पुलावर चढवायचं आणि परत आणायचं म्हणजे संध्याकाळ होणार. मी सायकलरिक्षा बोलावली, आत्याला हात धरून बसवलं आणि रिक्षावाल्याला कानात सांगितलं की मागच्या रस्त्यानं दोन वळसे घाल आणि कॅम्पाच्याच पलीकडच्या बाजारात नेऊन सोड. दुसऱ्या वळशाला तो मागं वळून छत्तीसगढीत म्हणाला, "फेर ओही डहर, बाबू?" म्हणजे परत त्याच वाटेनं का.

"काय म्हनते तो?" आत्यानं विचारलं.

"म्हनते, गर्दी लय हाय."

"असनच," आत्या म्हणाली आणि पदर नीट केला.

मी तिला उतरवलं आणि म्हणालो, "आलं पावर हाउस."

तिथं चार किराणा दुकानं, दोन कापडाची, एक आटाचक्की, भाजीच्या सात-आठ पाट्या, आणि तो पिंपळ. आत्यानं मान वर केली. वास घेतला. "मिरच्या," ती म्हणाली. "तुह्या बाप सांगे, आंधी मिरच्याचा वास येते." मी म्हणालो, "हो." कापडाच्या दुकानापुढं थांबलो. ती म्हणाली, "कोरं कापड." मी म्हणालो, "हो." मग तिनं विचारलं, "कसे कसे लुगडे हायेत, सांग ना." आणि मी सांगायला लागलो.

आज मला कबूल करायला हवं की मी चांगलं सांगितलं. समोर मळकट पंचे आणि दोन चादरी टांगल्या होत्या, आणि मी मोरपिशी, आमसुली, काठाला बुट्टी असं बोलत होतो. बाबांबरोबर दहा वर्षं जे पाहून आलो होतो ते सगळं तोंडातून यायला लागलं. गादीवरचे सेठ, बसच्या टपावर चढलेले लोक, सोनाराच्या दुकानातले आरसे. मी कधी एवढं नीट पाहिलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. आत्या माझ्या दंडाला धरून चालत होती आणि दर दोन पावलांवर "आस्सं" म्हणत होती. आटाचक्की आली तेव्हा तिनं विचारलं, "हेच काय पावर हाउस? लाइटीचं घर?" मी म्हणालो, "नाव तेवढं हाय आत्या, लाइट नाई आता इथं."

मग तिनं विचारलं, "पूल कुठं हाय?"

मी पिंपळाच्या पाराकडं पाहिलं. उंच पार, चार पायऱ्या. तिला वर चढवलं, मधोमध उभं केलं. "हा पूल," मी म्हणालो. आणि त्याच वेळी, मी काहीच न करता, रुळांवरून मालगाडी निघाली. आवाज वाढत गेला. आत्यानं माझा खांदा घट्ट धरला. "खालून जाते काय?" "खालूनच." मी डबे मोजायला लागलो, मोठ्यानं, एकामागून एक. त्या वेळचा तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. पट्टीखालच्या डोळ्यातून पाणी आलं आणि मी घाबरून म्हणालो, "आत्या, रडू नोको, डॉक्टर नाई म्हनला." ती म्हणाली, "रडून नाई रायली रे. गाडी पाऊन रायली."

तेवढ्यात एक पान तिच्या अंगावर पडलं. तिनं ते बोटांत फिरवलं. "पिपराचं हाय. पुलावर कुठून आलं?"

मी म्हणालो, "पुलाले लागूनच झाड हाय आत्या. मोठं."

पाराखाली एक बाई फुटाणे भाजायची. चुलीवर लोखंडी कढई, त्यात तापलेली रेती, त्यात हरभरे, आणि झाऱ्यानं चाळल्यावर येणारा तो खरपूस वास. आत्या माझ्याशी काहीतरी बोलली ते ऐकून ती बाई थबकली. "कोन्या गावच्या वो बाई तुमी?" ती साकोलीकडची निघाली. मग काय, आत्या तिच्याजवळ पोत्यावर बसली. धानाचं विचारून झालं, मंडईच्या जत्रेचं झालं, कुणाची मुलगी कुठं दिली हे निघालं आणि दोघींची एक लांबची सोयरीकही सापडली. मी सारखा ऊन कुठवर गेलं ते बघत होतो. त्या बाईनं आत्याच्या ओंजळीत गरम फुटाणे घातले, हँडपंपावरून तांब्या भरून आणला. निघताना तिनं आत्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "डोरा बरा झाला का या बाई. माह्यं थोबाड पाहाले या."

आम्ही परत आलो. कॅरममध्ये काय झालं ते मला आठवत नाही.

बाबांनी शिफ्टवरून आल्यावर विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "सगळं पायलं. तुह्या लेकानं तुह्यापेक्षा चांगलं दाखवलं." बाबा माझ्याकडं पाहून हसले. ते गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही.

ती फुटाणेवाली पुढं पाच-सहा वर्षं तिथंच होती. मी तिच्यासमोरून गेलो की विचारायची, "आत्या कशी हाय गा?" एकदा मी गावी निघालो होतो तेव्हा तिनं आत्यासाठी कागदाची पुडी बांधून दिली. ती मी गाडीत खिडकीशी बसून गोंदियाच्या आधीच खाऊन टाकली. आत्याला दिली असती तर तिला सगळ्यांसमोर ठेवायला काहीतरी राहिलं असतं.

कारण इकडे गावात आत्या सांगत होती. डोळा बरा झाला, पुढं दुसराही झाला. पण शेती, गाई, नातवंडं यांतून तिचं पुन्हा भिलाईला येणं झालं नाही. म्हणून ती तेच सांगायची. पुलावर पिंपळ आहे. खालून गाडी जाते आणि वरून पान पडतं. तिथलं पाणी गोड आहे. आणि तिथं आपल्याकडची एक बाई फुटाणे विकते, तिचं तोंड तेवढं पाहायचं राहिलं आहे. गावातलं कुणी भिलाईला निघालं की आत्या सांगून पाठवायची, पावर हाउसला जा, पुलावरच्या पिंपळाखाली ती बसते, तिला म्हणावं डोळा बरा झाला. लोक जायचे, शोधायचे, परत येऊन हसायचे.

मी हे स्वतः पाहिलं ते आत्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नात. अंगणात बायका गोल बसून सरगुंडे वळत होत्या, काडीवर पीठ गुंडाळून. मी खाटेवर. पीठ, हळद आणि ओल्या मांडवाचा वास. आत्यानं विषय काढला आणि तिची मोठी सून, आमची सुनंदा वहिनी, हातातली काडी खाली ठेवून म्हणाली, "माय, आता पुरे ना. माह्या भाऊ तिथं रेल्वेत हाय. मी सोताच पाहून आली. पुलावर कुठं झाड असते काय?"

"हाय," आत्या म्हणाली.

"पट्टी होती माय तुमच्या डोऱ्यावर. भरम झाला तुमाले."

बायका हसल्या. वहिनी वाईट नव्हती, सगळ्यांबरोबर ती आत्याशीही हसायचीच. आत्या माझ्याकडं वळली. "बाबू, तूच होता ना माह्यासंग. सांग ना इयले."

अंगणभर बायका माझ्याकडं पाहत होत्या. मी अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीवाला, शहरातून आलेला. मी म्हणालो, "लय दिवस झाले आत्या. आता बजार पूर्ण बदलला."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. सतराव्या वर्षीच्या खोटेपणापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं. आत्यानं मान खाली घातली आणि पुढचं सरगुंडं वळायला घेतलं. त्यानंतर तिनं पावर हाउसचं नाव काढलं नाही.

पण घरानं काढलं. आत्या काही म्हणाली आणि ते कुणाला पटलं नाही की कुणीतरी म्हणायचं, "मायचं पावर हाउस." किल्ली मी खुंटीलाच ठेवली होती, म्हटलं की पावर हाउस. काल दारात कुणी येऊन गेलं, म्हटलं की पावर हाउस. नातवंडंही शिकली. एकदा तिनं सांगितलं की गाईचं काहीतरी बिनसलं आहे, ती रवंथ करत नाही. तेव्हाही तेच म्हटलं गेलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली. हे मला फोनवर वहिनीनंच सांगितलं, गाईबद्दल हळहळत.

गेल्या हिवाळ्यात वहिनीचे गुडघे दाखवायला दोघी आमच्याकडं आल्या. ब्याऐंशी वर्षांची आत्या दुर्ग स्टेशनवर पिशवी काखेत मारून पुढं आणि वहिनी काठी टेकत मागं. "इच्यासंग कोन याव?" आत्या म्हणाली. "मीच आली." चार दिवस घर भरून गेलं. आमच्या मुली घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या, पण आत्याजवळ बसून त्याही "कावून वो आजी" करायला लागल्या. बायकोनं तिवऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली. आत्यानं बाबांच्या फोटोसमोर बसून एकदा सगळा हार नीट केला.

रविवारी सकाळी ती मटार सोलत होती. मी म्हणालो, "आत्या, पावर हाउस पाहून येऊ?"

तिचे हात थांबले नाहीत. "मी पायलं हाय," ती म्हणाली. मग पुढची शेंग फोडत, "का नाई पायलं, कोनाले मालूम."

"चला ना माय," वहिनी आतून म्हणाली. "पुलावरचा पिपर तरी दाखवा आमाले."

गेलो. पार्किंग शोधता शोधता अर्धा तास गेला. डोक्यावर फ्लायओव्हर, खाली ई-रिक्षांची माळ, कंडक्टर 'रायपुर, रायपुर' ओरडत होते. मोबाइलची कव्हरं, मोमोज, जीन्स घातलेले पुतळे. आणि तरी मिरच्यांचा वास होता, जिथं असायचा तिथंच. आत्या सगळ्यात पुढं चालत होती, शुभ्र केस, नाकावर चष्मा. पुतळ्याजवळ थांबून तिनं त्याच्या पायाला हात लावून पाहिला. "उपाशी दिसते बिचारी," म्हणाली. एका दुकानदारानं "आओ माताजी" म्हटलं तर त्याच्या ओट्यावर बसून तिनं चार साड्या उलगडायला लावल्या आणि पाचवी बघून म्हणाली, "बरं हाय. येतो आमी." वहिनी हसून हसून काठीला लोंबकळली. मीही हसलो. मला बाबा आठवत होते, आणि त्या दिवशी हे सगळं दाखवायला फार तर दोन तास लागले असते, हेही.

आत्या मात्र पाहता पाहता शोधत होती. प्रत्येक वळणावर तिची मान वर जायची, झाडाच्या उंचीला. एका पाणपोईवर तिनं ओंजळीनं पाणी पिऊन पाहिलं आणि उरलेलं झटकून पुढं निघाली.

पुलाच्या पायऱ्या आम्ही अर्ध्या अर्ध्या करून चढलो. वर पोचलो तेव्हा खालून मालगाडी निघाली होती. आत्या कठड्याला धरून उभी राहिली. तिनं पुलाचं एक टोक पाहिलं, मग दुसरं. नुसता पत्रा आणि लोखंड. गाडी गेली. मग ती सुनेकडं वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तूच बराबर होती वो. झाड नाई. मलेच भरम झाला असन. दवा होती ना डोऱ्यात."

वहिनीचं हसू गेलं. ती म्हणाली, "असू द्या ना माय. झाले आता कितीक वर्षं."

"नाई, मी उगाच हट्ट केला," आत्या म्हणाली. "आजकाल मले माह्याच गोष्टीचा भरोसा नाई वाटत."

मी आजवर गप्प राहिलो त्याला एक कारण मी स्वतःला सांगत आलो होतो. खरं सांगितलं तर तिचा तो एक दिवस तिच्याकडून जाईल. पुलावर उभं राहिल्यावर दिसलं की दिवस मी तेव्हाच घेतला होता. आता ती स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासही माझ्या खोटेपणाला देऊन टाकत होती.

"आत्या," मी म्हणालो, "तुले भरम नाई झाला. मी तुले इथं आनलंच नोतं. कॅम्पातच फिरवलं होतं, रिक्षानं वळसे घालून. तो पूल नोता. पिपराचा पार होता."

लोक आम्हाला धक्के देत जात होते.

"अन गाडी?"

"लांबून जात होती."

"अन ते बाई? फुटानेवाली?"

"होती. खरीच होती. तुह्यं विचारे मले, कितीक वर्षं."

आत्यानं श्वास सोडला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"कावून केलं गा असं?"

"कॅरम होता. चार वाजता."

"जिंकला काय?"

"आठवत नाई आत्या."

"एवढं करून आठवत बी नाई," ती म्हणाली आणि मान हलवली. मग तिनं वहिनीच्या दंडाला धरून तिला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, "आता जे म्हनला ना, ते परत म्हन. जोरानं म्हन. इले आयकू आलं पायजे."

एक बाई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन आमच्यामधून गेली. पलीकडं दोन पोरं फोनवर फोटो काढत होती. मी हात जोडले.

"वहिनी, तुमीबी आयका, अन घरी जाऊन सगळ्याइले सांगा. आत्यानं जे सांगतलं ते सगळं तिनं पायलं होतं. खोटं मी बोललो. तेव्हाबी, अन त्या दिवशी अंगनातबी. आत्या, माह्यं चुकलं. मले माफ कर."